अस्सलबरहुकूम : चित्रांच्या नकलांची एक कहाणी

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी इतिहासविषयक लेख लिहून द्यावा, अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली, तेव्हा आम्हांस प्रथम संकोचच वाटला. आम्ही चित्रकार नव्हे आणि इतिहाससंशोधकही नव्हे. बी. ए. ला इतिहास हा विषय घेतला होता, एवढीच काय ती पुंजी. त्यानंतरची तीस वर्षे केंद्र सरकारच्या कचेरीत टिपणे लिहिण्यात, आणि राजपत्रित अधिकारी या नात्याने लोकांनी आणलेल्या नकलांवर 'खरी प्रत' असा शिक्का उठवून सही करण्यात गेली. मात्र महोत्सवाच्या निमित्ताने मंडळाने जे काम आमच्यावर सोपविले, त्यानेच या लेखाचा विषय हाती दिला. हे काम म्हणजे मंडळाच्या संग्रहातील मूळ चित्रे स्कॅनर यंत्रावर घेऊन त्यांच्या नकला जतन करणे.

जुन्या सभासदांस ती हिरवी पत्र्याची पेटी आठवत असेलच. मंडळ स्थापन झाले तेव्हा या शहरात मराठी मजकूर छापून मिळणे दुरापास्त होते. हिंदीचे छापखाने होते. परंतु त्यांच्या खिळ्यांत 'ळ' नसे. 'टिळक' छापावयास द्यावे, तर 'टिलक' होऊन यावेत! तेव्हा आपल्या मंडळींनी हस्तलिखित वार्षिक काढण्यास आरंभ केला. गणेशोत्सवात त्याचे प्रकाशन होई आणि मग तो एकुलता एक अंक घरोघर फिरे. त्यातील चित्रे सभासदच काढीत. जलरंगातील निसर्गदृश्ये, काळ्या शाईतील व्यंगचित्रे, पेन्सिलीची रेखाटने. त्यांच्या जोडीला नाटकांची हाताने रंगविलेली भित्तिपत्रके आणि गणपतीच्या आराशीचे आराखडे. अशी लहानमोठी सुमारे २४० चित्रे त्या पेटीत आहेत. यांपैकी एकाचीही दुसरी प्रत जगात कोठे नाही.

येथे एका चुकीची कबुली देणे आम्हांस भाग आहे. रौप्यमहोत्सवाच्या वेळी आम्ही समितीत अगदीच नवखे होतो. पेटीतील काही निवडक चित्रे स्कॅन करून सीडीवर घ्यावीत असे ठरले आणि ते काम आमच्याकडे आले. दुकानदाराने विचारले, ''साधे करू की मोठे?'' साधे स्वस्त होते. आम्ही ''साधे'' म्हणालो आणि बिलावर सही केली. पुढे एका पावसाळ्यात पेटीस ओल लागली. वरच्या थरातील काही चित्रांनी बुरशी धरली. ''सीडीवर आहेत ना!'' असे म्हणून ती टाकूनही देण्यात आली. त्यांतच मंडळाच्या पहिल्या गणेशोत्सवाचे जलरंगातील चित्र होते. भाड्याची खोली, मधोमध मूर्ती, भोवती सतरंजीवर बसलेली आठदहा कुटुंबे. या वर्षी ती सीडी उघडून पाहिली, तर ते चित्र अवघ्या ६४० बिंदूंच्या रुंदीचे निघाले. नीट छापावयाचे म्हटले तर त्याची रुंदी दोन इंचांहून थोडी अधिक भरते. मोठे करावे तर माणसांच्या तोंडांचे चौकोन होतात. कोण कोठे बसले आहे, हे आता कोणासही सांगता येत नाही.

ही हळहळ मनात ठेवून आम्ही जुन्या काळी लोकांनी चित्रांच्या नकला कशा केल्या, याचा थोडा शोध घेतला. त्यातून जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवीत आहो.

अस्सल आणि नक्कल

नकलेविषयीची आस्था आपल्या लोकांस नवी नाही. मोडी दप्तरांत मूळ कागदास 'अस्सल' म्हणत, आणि त्यावरून तंतोतंत उतरून घेतलेल्या कागदावर 'अस्सलबरहुकूम नक्कल' असा शेरा असे. हा शेरा म्हणजे एक जबाबदारी होती. उतरून घेणाऱ्याने मजकूर सुधारावयाचा नाही, गाळावयाचा नाही आणि शोभिवंतही करावयाचा नाही. समर्थ रामदासांनी तर दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाच्या आरंभी लेखनक्रियेवर एक समासच खर्ची घातला आहे. पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत सारा ग्रंथ एकाच टाकाने लिहिल्यासारखा दिसावा, अशी त्यांची अपेक्षा आहे. हा मुद्दा पुढे यंत्राच्या संदर्भात आम्हांस फार उपयोगी पडला.

अक्षरांची नक्कल त्या मानाने सोपी. 'क' हा शेवटी 'क'च असतो. चित्राची गोष्ट निराळी. रंगाची छटा, रेषेचा जोर, कागदाचा पोत, यांतील काय उतरले म्हणजे नक्कल खरी झाली? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात आपल्याच महाराष्ट्रातील एका स्थळी शंभरांहून अधिक वर्षे खर्ची पडली आहेत. ते स्थळ म्हणजे अजिंठा.

अजिंठा : पहिली नक्कल आणि पहिली आग

२८ एप्रिल १८१९ रोजी मद्रास सैन्यातील जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी शिकारीच्या निमित्ताने वाघूर नदीच्या खोऱ्यात आला आणि त्यास ही लेणी दिसली. दहाव्या लेण्यातील एका चित्रित खांबावर आपले नाव आणि तारीख कोरून ठेवण्याचा मोह काही त्यास आवरला नाही. आधुनिक जगाने अजिंठ्याच्या चित्रांची घेतलेली पहिली दखल ही अशी त्यांच्यावरच ओरखडा उमटवून घेतली.

पुढे जेम्स फर्ग्युसन यांनी १८४३ मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीपुढे लेण्यांविषयी निबंध वाचला आणि चित्रे नष्ट होण्यापूर्वी त्यांच्या नकला करून घ्याव्यात असा आग्रह धरला. ईस्ट इंडिया कंपनीने मद्रास सैन्यातीलच रॉबर्ट गिल या चित्रकार अधिकाऱ्याची १८४४ मध्ये त्या कामी नेमणूक केली. जंगलात, श्वापदांच्या व तापाच्या सान्निध्यात राहून गिलने सुमारे दोन दशके कॅनव्हासवर तैलरंगात मोठमोठ्या नकला केल्या. अजिंठा गावच्या पारोशी असलेल्या त्याच्या स्नेहाची कथा मराठी वाचकांस परिचित आहे. पारो १८५६ मध्ये वारली; गिलने तिचे स्मारक बांधले, ते आजही आहे.

गिलच्या नकला लंडनला गेल्या आणि सिडनहॅम येथील क्रिस्टल पॅलेस या काचमहालात मांडण्यात आल्या. ३० डिसेंबर १८६६ रोजी त्या महालाच्या एका भागास आग लागली आणि त्या बहुतेक सर्व नकला जळून गेल्या. माणसाच्या आयुष्याची ऐन वर्षे एका संध्याकाळी राख झाली. गिल नंतर छायाचित्रेही काढीत होता, आणि त्याची अजिंठा-वेरूळची छायाचित्रे १८६४ मध्येच पुस्तकरूपाने निघाली होती. परंतु त्या काळचे छायाचित्र एकरंगी. भिंतीवरील लाल, हिरवा आणि निळा यांचा निरोप ते पोहोचवू शकत नव्हते. १८७९ मध्ये गिल निवर्तला. त्याची कबर भुसावळ येथे आहे.

वॉर्निशचा लेप

गिलच्या नकला जळाल्यावर दुसरा प्रयत्न मुंबईहून झाला. मुंबईच्या कलाशाळेतील, म्हणजे आजच्या सर ज. जी. कलाशाळेतील, जॉन ग्रिफिथ्स हे १८७२ पासून आपल्या विद्यार्थ्यांस घेऊन अजिंठ्यास जाऊ लागले. पुढील तेरा वर्षांत या मंडळींनी सुमारे तीनशे नकला केल्या. विद्यार्थ्यांत पुढे नामवंत झालेले चित्रकार पेस्तनजी बोमनजी हेही होते. आपल्या देशातील तरुण चित्रकारांनी आपल्याच पूर्वजांची रेषा हाताने गिरवून पाहिली, असा हा बहुधा पहिलाच प्रसंग. या कामावर आधारलेला ग्रिफिथ्स यांचा दोन खंडांचा ग्रंथ १८९६-९७ मध्ये प्रसिद्ध झाला.

मात्र त्याआधीच इतिहासाने आपली पुनरावृत्ती केली होती. नकला लंडनच्या साउथ केन्सिंग्टन म्युझियममध्ये ठेवल्या होत्या. १८८५ मध्ये तेथे आग लागून त्यांतील कित्येक जळाल्या व खराब झाल्या. उरलेल्या त्याच संग्रहालयात, म्हणजे आजच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहेत. दोन्ही वेळा बहुतेक नकला एकाच छपराखाली होत्या, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

आगीहूनही मनास लागणारी गोष्ट पुढेच आहे. धुराने आणि धुळीने अंधुक झालेली चित्रे स्पष्ट दिसावीत, नक्कल करणे सोपे व्हावे, म्हणून मूळ भिंतींवर वॉर्निशचा हात फिरविण्यात आला. क्षणभर रंग उजळले. काळ लोटला तसे ते वॉर्निश काळवंडले आणि भेगाळले. पुढे निजाम सरकारने १९२० ते १९२२ या काळात चेकोनी व ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांस पाचारण केले. त्यांनी सुटू लागलेला गिलावा भिंतीस धरून ठेवण्याचे मोलाचे काम केले. पण त्यांनी दिलेला शेलॅकचा, म्हणजे लाखेचा लेपही कालांतराने पिवळा पडला. यांपैकी कोणाचाही हेतू वाईट नव्हता. चित्र अधिक चांगले दिसावे, एवढीच त्यांची इच्छा होती, आणि तिनेच घात केला.

छायाचित्राचे युग

१९०९ ते १९११ या दोन हिवाळ्यांत लेडी ख्रिस्तियाना हेरिंगहॅम अजिंठ्यास आल्या. त्यांच्यासमवेत कलकत्त्याचे नंदलाल बोस, असितकुमार हलदार आदी तरुण चित्रकार होते, तसेच हैदराबादहून आलेले सय्यद अहमद आणि फज्लुद्दीनही होते. त्यांच्या नकलांचा ग्रंथ १९१५ मध्ये लंडनला निघाला. बंगालच्या चित्रकलेवर अजिंठ्याची जी छाप पडली, तिच्यात या दोन हिवाळ्यांचा वाटा मोठा आहे. नक्कल करणे म्हणजे नुसते उतरवून घेणे नव्हे, ते शिकणेही असते, याचे याहून चांगले उदाहरण सापडणार नाही. परंतु ज्या अर्थी प्रत्येक चित्रकाराचा हात निराळा, त्या अर्थी प्रत्येकाचा अजिंठाही थोडा निराळाच उतरला.

यानंतर निजामाच्या पुराणवस्तू खात्याचे प्रमुख गुलाम याझदानी यांनी कॅमेऱ्याचा आश्रय केला. ई. एल. व्हॅसी या छायाचित्रकाराने घेतलेल्या रंगीत व एकरंगी छायाचित्रांवर आधारलेला त्यांचा ग्रंथ १९३० ते १९५५ या पंचवीस वर्षांत चार भागांत पुरा झाला. हाताच्या जागी यंत्र आले. मात्र यंत्र आले म्हणजे निवड संपली, असे नव्हे. उजेड किती, भिंग कोणते, काच किती वेळ उघडी ठेवावयाची, हे माणसासच ठरवावे लागते. अलीकडे १९९१ पासून बिनॉय बहल यांनी प्रखर दिव्यांऐवजी अत्यंत मंद प्रकाशात, दीर्घ काळ भिंग उघडे ठेवून अजिंठ्याची छायाचित्रे घेतली, तेव्हा याच भिंतींवरील रंगांचे वैभव लोकांस नव्याने उमगले. भिंती त्याच होत्या. यंत्राची जुळणी तेवढी बदलली होती.

होर्युजी : एक आग आणि एक दूरदृष्टी

अजिंठ्याची कहाणी आपल्याला येथून थेट जपानला नेते. काम्पो अराई नावाचे जपानी चित्रकार पहिल्या महायुद्धाच्या काळात भारतात आले होते. त्यांनीही अजिंठ्यात राहून नकला केल्या. त्या तोक्योच्या विद्यापीठात ठेवल्या असता १९२३ च्या प्रलयंकारी भूकंपात नष्ट झाल्या. हेच अराई पुढे १९४० मध्ये जपानातील नारा शहराजवळच्या होर्युजी मंदिरातील भित्तिचित्रांच्या नकला करणाऱ्या प्रमुख चित्रकारांपैकी एक होते. सुमारे तेराशे वर्षांपूर्वीच्या या बौद्ध भित्तिचित्रांचे अजिंठ्याच्या पद्मपाणीशी असलेले साम्य अभ्यासकांनी वारंवार दाखविले आहे. १९४५ मध्ये, ते काम अपुरे असतानाच, अराई निवर्तले.

२६ जानेवारी १९४९ रोजी, नकलांचे काम चालू असतानाच, होर्युजीच्या त्या सुवर्णमंडपास आग लागली आणि भिंतींवरील रंग करपून गेले. ज्या नकलेसाठी मंडळी तेथे बसली होती, तिचे अस्सलच नाहीसे झाले. या घटनेने हादरून जपानने पुढल्याच वर्षी सांस्कृतिक वारसा रक्षणाचा कायदा केला. २६ जानेवारी हा दिवस तेथे अशा वारशाचे आगीपासून रक्षण करण्याचा दिवस म्हणून पाळण्यात येतो.

आता दूरदृष्टीची गोष्ट. १९३५ मध्ये, म्हणजे आगीच्या चौदा वर्षे आधी, क्योतो येथील बेनरिदो या छपाईसंस्थेने त्या भिंतींची छायाचित्रे घेतली होती. ती लहान आकारात घेऊनही त्या वेळचे काम भागले असते. पण त्यांनी प्रत्येक भिंतीचे लहान लहान भाग पाडून, मूळ आकाराबरहुकूम, मोठ्या काचेच्या पट्ट्यांवर ती टिपली. शिवाय रंगछपाईस लागणारे निरनिराळे रंगही वेगवेगळ्या काचांवर घेऊन ठेवले. त्या घडीस याची गरज कोणासही नव्हती. परंतु १९६७-६८ मध्ये जपानी चित्रकारांनी होर्युजीची ती भित्तिचित्रे नव्याने रंगविली, तेव्हा त्यांच्या हाती भरवशाचा आधार होता तो या काचांचा. २०१५ मध्ये जपानने त्या काचांनाच राष्ट्रीय महत्त्वाच्या वारशाचा दर्जा दिला, आणि अलीकडे त्यांचेही अंकीकरण झाले आहे.

क्रिस्टल पॅलेस आणि होर्युजी, या दोन आगींमध्ये आम्हांस या साऱ्या इतिहासाचे सार दिसते. नक्कल करताना आजची गरज पाहावयाची नसते. अस्सल उद्या नाहीसे झाले, तर या नकलेवरून काय काय परत मिळविता येईल, हे पाहावयाचे असते.

शिळेपासून बिंदूपर्यंत

छपाईच्या नकलांचाही येथे थोडक्यात उल्लेख केला पाहिजे. राजा रविवर्म्याने १८९४ मध्ये मुंबईस शिळाप्रेस काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवली येथे गेला. तेथून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वतींच्या तसबिरी आपल्या आजोळच्या भिंतींवर होत्या. त्या पद्धतीत एकेका रंगासाठी निराळी शिळा लागे. मागाहून ठिपक्यांची छपाई आली. मासिकातील चित्र बहिर्गोल भिंगातून पाहिले, तर ते बारीक ठिपक्यांचे बनलेले दिसते. तसबीर ही स्वतःच नक्कल असते. पेटीतले चित्र अस्सल असते. हा भेद स्कॅनरपुढे बसल्यावर फार महत्त्वाचा ठरतो.

स्कॅनरचा जन्म १९५७ चा. अमेरिकेत रसेल कर्श या संशोधकाने आपल्या तान्ह्या मुलाचे पाच सेंटिमीटर चौरस छायाचित्र यंत्रावर घेतले. आडवे १७६ आणि उभे १७६ बिंदू, एकूण ३०,९७६. आपल्या हरवलेल्या गणेशोत्सवाच्या चित्रात याहून पुष्कळ अधिक बिंदू आहेत, तरी ते पुरले नाहीत. तेव्हा किती बिंदू पुरतात, हा पहिला प्रश्न.

आम्ही यंत्राची जुळणी कशी केली

मूळ चित्र तेवढ्याच आकारात छापावयाचे असेल, तर इंचास ३०० बिंदू पुरतात. दुप्पट लांबी-रुंदीत छापावयाचे असेल, तर ६०० लागतात. बिंदू दुप्पट केले की संचिकेचा भार चौपट होतो, कारण लांबी आणि रुंदी दोन्हींत वाढ होते. ए-फोर आकाराचे चित्र ३०० बिंदूंनी घेतले तर सुमारे २६ मेगाबाइट होते. ६०० ने सुमारे १०४. आणि १२०० ने सुमारे ४१८. आम्ही एकाच चित्राची तिन्ही मापे घेऊन पाहिली. ३०० वर पेन्सिलीची बारीक छायारेषा एकमेकींत मिसळत होती. ६०० वर ती सुटी दिसली. १२०० वर चित्रातील नवे काही न दिसता केवळ कागदाचे तंतू मोठे झाले. म्हणून सर्व चित्रांस ६०० आणि टपाल तिकिटाएवढ्या सजावटींस १२००, असे ठरविले. खोक्यावर मोठमोठे आकडे छापलेले असतात. त्यांतील यंत्राची खरी दृष्टी किती आणि गणिताने फुगविलेली किती, हे मात्र पाहून घ्यावे.

दुसरा प्रश्न रंगांच्या पायऱ्यांचा. साध्या जुळणीत तांबडा, हिरवा आणि निळा यांना प्रत्येकी २५६ पायऱ्या मिळतात. मोठ्या जुळणीत प्रत्येकी ६५,५३६. डोळ्यांस आज फरक दिसत नाही. परंतु उद्या कोणी काळवंडलेले चित्र उजळू पाहील, तेव्हा थोड्या पायऱ्यांच्या नकलेत आकाशाचे पट्टे पडतील. होर्युजीच्या काचा आठवून आम्ही मोठीच जुळणी घेतली. त्यामुळे एका चित्राचा भार २०८ मेगाबाइटपर्यंत गेला. साऱ्या संग्रहाचा मिळून सुमारे ५० गिगाबाइट भरतो. हे खिशात मावणाऱ्या साधनावरही राहते. काटकसर करण्याचे कारणच नाही.

तिसरा प्रश्न सर्वांत कठीण, कारण तो मोहाचा आहे. यंत्रात 'आपोआप सुधारणा' नावाची एक सोय असते. ती लावली की पिवळा कागद पांढरा होतो, फिके रंग भडक होतात आणि चित्र नवेकोरे दिसते. आमच्या समितीतील तरुण मंडळींस ते फार आवडले. आम्ही एका जलरंगाची दोन्ही रूपे शेजारी ठेवून दाखविली. सुधारलेल्या रूपात पहाटेच्या आकाशातील फिकट केशरी हात पार पुसून गेला होता. यंत्राने त्यास कागदावरील डाग समजून पांढरे केले होते. ग्रिफिथ्स यांचे वॉर्निश ते हेच! सुदैवाने येथे लेप अस्सलावर बसत नाही. पण नकलेतून जे गेले ते गेलेच. म्हणून आपोआप सुधारणा, रेषा टोकदार करणे, धूळ पुसणे, हे सर्व आम्ही बंद ठेवले. छापील ठिपके घालविण्याची जी सोय असते, तीही बंद. ती तसबिरींसाठी आहे, अस्सल चित्रावर लावली तर रेषा पुसट होतात.

याखेरीज काही व्यवहाराच्या गोष्टी. नक्कल 'टिफ' स्वरूपात ठेवली. 'जेपेग' हे स्वरूप जागा वाचविण्यासाठी तपशील गाळते, म्हणून ते केवळ सभासदांस पाहावयास पाठविण्यापुरते. प्रत्येक चित्राशेजारी रंगांची व करड्या छटांची एक पट्टी ठेवली, म्हणजे पुढे पडद्यावर रंग बदलले तरी ताळा पाहता येईल. पातळ कागदाच्या मागे काळा कागद लावला, म्हणजे पाठीवरचे अक्षर पुढे उमटत नाही. चित्राच्या कडा कापल्या नाहीत आणि पाठही घेतली. एका भित्तिपत्रकाच्या पाठीवर नाटकाच्या खर्चाचा हिशेब निघाला. तोही मंडळाचा इतिहासच! खडूची व कोळशाची चित्रे काचेवर पालथी घातली तर रंग झडतो, आणि मोठी भित्तिपत्रके वाकविली तर मोडतात; त्यांची दोन्ही बाजूंनी सारखा उजेड देऊन कॅमेऱ्याने छायाचित्रे घेतली. आणि समर्थांचे वचन स्मरून पहिल्या चित्रापासून शेवटच्यापर्यंत जुळणी एकच ठेवली. सारा संग्रह एका टाकाने उतरल्यासारखा व्हावा, म्हणून. सोनेरी शाई मात्र कोणत्याही जुळणीने नीट उतरत नाही, ती मातकट तपकिरी दिसते. तशी टीप त्या त्या चित्रास जोडली आहे. खरी प्रत म्हणून सही करावयाची, तर जे उतरले नाही तेही लिहून ठेवणे प्राप्त आहे.

शेवटची गोष्ट

आता अस्सलाविषयी. नक्कल झाली म्हणून ते टाकावयाचे नाही. नव्या, आम्लविरहित कागदाच्या वेष्टनांत चित्रे ठेवली असून ती पेटी आता तळमजल्यावरून कोरड्या खोलीत हलविली आहे. नकलांचे तीन संच केले. एक मंडळात राहील, एक याच शहरात अन्यत्र, आणि तिसरा महाराष्ट्रात. तिन्ही एका छपराखाली कधीही येऊ नयेत, असा ठराव कार्यकारिणीने संमत केला आहे. दरवर्षी गणेशोत्सवापूर्वी तिन्ही संच उघडून तपासावयाचे. कारण यंत्रे बदलतात, साधने खराब होतात, आणि न उघडलेली नक्कल आहे की नाही हे कोणासही ठाऊक नसते.

पहिल्या गणेशोत्सवाचे चित्र परत येणार नाही, याची आम्हांस जाणीव आहे. ते ६४० बिंदूही आम्ही या संग्रहात जसेच्या तसे ठेवले आहेत, आणि त्याखाली 'अस्सल नष्ट' असा शेरा स्वहस्ते लिहिला आहे. तरी वाचकांस एक विनंती आहे. त्या वर्षी त्या सतरंजीवर बसलेल्यांपैकी कोणी हे वाचीत असतील, अथवा त्यांची मुलेबाळे वाचीत असतील, तर त्यांनी मंडळात येऊन ते लहानसे चित्र पाहावे आणि कोण कोठे बसले होते ते आठवेल तेवढे सांगावे. कोणाच्या घरी त्या चित्राचे एखादे छायाचित्र असेल, वार्षिकाचे सुटे पान असेल, तर तेही आणावे. यंत्र अजून महिनाभर मांडून ठेवले आहे. काम झाल्यावर अस्सल ज्याचे त्यास परत दिले जाईल.

घरापासून दूर आलेल्या माणसांपाशी अस्सल असे फार थोडे उरते. जे आहे ते सांभाळावे, आणि त्याची नक्कल अशी करावी की पन्नास वर्षांनी शतकमहोत्सवाच्या समितीस तिच्यावर निःशंकपणे शिक्का उठविता यावा, एवढेच आमचे मागणे आहे.